पहिलं प्युअरब्रेड अरेबियन शिंगरू घेताना: आधी कागद, मग पाय, मग चेहरा आणि नाव सगळ्यात शेवटी

अरेबियन शिंगरू पहिल्यांदा घेणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटाच असतो. फोटो बघून चेहऱ्यावर जीव जडतो, लगेच नाव ठरतं, चार लोकांना सांगूनही होतं, मग टोकन जातं, आणि कागद बघायची वेळ येते तेव्हा कळतं की नाव तर ब्रीडरने आधीच रजिस्टर केलंय किंवा बापाचा डीएनए रेकॉर्डवरच नाहीये. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा. प्रत्येक पायरीवर तुम्हाला "नको" म्हणायची मुभा असते, आणि पैसे दिले की ती संपते.

पायरी १: शिंगरूच हवंय का, हे ठरवा

रायडिंग शिकायची हौस असेल तर शिंगरू घेऊ नका, शिकलेला वयाने मोठा घोडा घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. आज सहा महिन्यांचं शिंगरू घेतलंत तर पाठीवर बसायला किमान तीन वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं, त्यात अरेबियन उशिरा भरतो, शरीर पूर्ण तयार व्हायला पाच-सहा वर्षं सहज जातात. मधल्या काळात खाणं, खूर कापणं, जंत, लस आणि शिस्त, एवढंच काम.

दुसरं म्हणजे सोबत. एकटं शिंगरू ठेवायचं नाही, ते सतत ओरडतं, कुंपणाला धडकतं, आणि दुसरा घोडा शिकवतो ती रीतभात त्याला कधीच येत नाही, मग तेच चावरं होतं आणि "अरेबियन तापट असतात" म्हणून जातीच्या नावाने बोंब होते. समवयस्क शिंगरू मिळालं तर उत्तम, नाहीतर शांत स्वभावाचा मोठा घोडा. कुंपण आधी उभं करा, काटेरी तार अजिबात नको.

तपासा: सोबतीचा घोडा, कुंपण, पाणी, घोड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर आणि खूर कापणारा, हे पाचही हाताशी असतील तरच फोन उचला.

पायरी २: कागद

"प्युअरब्रेड" हा दिसण्यावरून ठरणारा शब्द नाही. जगभरातल्या अरेबियन रजिस्टर्सची शिखर संस्था म्हणजे वर्ल्ड अरेबियन हॉर्स ऑर्गनायझेशन, सगळे तिला वाहो म्हणतात, आणि तिच्या व्याख्येप्रमाणे वाहोने मान्य केलेल्या प्युअरब्रेड स्टडबुकात (वंशावळीच्या अधिकृत नोंदवहीत) ज्याची नोंद आहे तोच प्युअरब्रेड अरेबियन. डोकं कितीही सुंदर असो, शेपूट कितीही झेंड्यासारखी उंच असो, नोंद नाही तर प्युअरब्रेड नाही. आईबापांपैकी एकच प्युअरब्रेड असेल तर ते पार्टब्रेड किंवा हाफ-अरेबियन, त्याचं रजिस्टर वेगळं, आणि थरोब्रेडशी, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीशी, संकर असेल तर अँग्लो-अरब. हे घोडे वाईट नसतात, फक्त तुम्ही पैसे कशाचे देताय ते कळलं पाहिजे. स्ट्रेट इजिप्शियन, पोलिश, स्पॅनिश, रशियन, क्रॅबेट ही प्युअरब्रेडमधलीच घराणी आहेत, "हे स्ट्रेट इजिप्शियन आहे म्हणून जास्त शुद्ध" असं कोणी सांगत असेल तर ते विक्रीचं बोलणं समजा.

विकणाऱ्याकडून काय मागायचं: आईचं आणि बापाचं रजिस्ट्रेशन, घोडी भरवल्याचं सर्टिफिकेट, जन्माची सूचना स्टडबुकला दिल्याचा पुरावा, दोघांचा डीएनए रेकॉर्डवर असल्याची खात्री, आणि शिंगराचं रजिस्ट्रेशन झालं असेल तर ते, नसेल तर अर्ज नेमका कुठे अडकलाय ते. डीएनएसाठी आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवतात, कात्रीने कापलेले चालत नाहीत, मुळाशिवाय लॅबला हाती काही लागत नाही. आईबाप दोघांशी जुळणी झाली तरच पालकत्व पक्कं.

इथे एक बारीक मुद्दा जवळजवळ सगळेच चुकतात. कागदावर "ब्रीडर" म्हणून ज्याचं नाव येतं तो म्हणजे घोडी भरवली त्या वेळी जो तिचा मालक होता तो. ज्याच्या तबेल्यात शिंगरू जन्मलं तो नव्हे, आणि तुम्ही तर नव्हेच. पोटात शिंगरू असलेली घोडी विकत घेतलीत तरी ब्रीडर आधीचाच मालक राहतो. घोडी लीजवर असेल तर लीजची नोंद स्टडबुकात झाली आहे का ते विचारा, कारण ती नसली की अर्ज परत येतो.

कागदावरच्या रंगाने एक फुकटची तपासणी होते. चेस्टनट (तांबूस) आई आणि चेस्टनट बाप असतील तर शिंगरू चेस्टनटच होणार, बे (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट) किंवा काळं होणार नाही. ग्रे (वयाबरोबर पांढरं होत जाणाऱ्या) शिंगराला आईबापांपैकी निदान एक ग्रे लागतोच. आणि पालोमिनो, बकस्किन, क्रिमेलो असले सोनेरी-फिकट रंग ज्या क्रीम जीनमुळे येतात तो प्युअरब्रेड अरेबियनमध्ये नसतो, तेव्हा "रेअर गोल्डन प्युअरब्रेड अरेबियन" अशी जाहिरात दिसली की पुढे वाचूही नका.

सावधान: "कागद मागाहून पाठवतो" हे वाक्य ऐकलं की पैसेही मागाहूनच.

पायरी ३: जनुकीय आजारांचे रिपोर्ट

ही पायरी लोक सर्रास गाळतात, कारण शिंगरू समोर उड्या मारत असतं आणि आजारी दिसत नाही. अरेबियनमध्ये प्रामुख्याने तीन आजारांच्या टेस्ट बघायच्या: एससीआयडी (सिव्हिअर कम्बाइंड इम्युनोडेफिशिअन्सी), सीए (सेरेबेलर अबायोट्रॉफी) आणि एलएफएस (लॅव्हेंडर फोल सिंड्रोम). तिन्ही रिसेसिव्ह आहेत, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन सदोष प्रती आल्या तरच शिंगरू आजारी पडतं, एकच प्रत असेल तर ते कॅरियर, स्वतः ठणठणीत. दोन कॅरियर एकत्र आले तर प्रत्येक वेळी आजारी शिंगराची शक्यता २५ टक्के आणि कॅरियरची ५० टक्के.

एससीआयडीमध्ये रोगप्रतिकारशक्तीच नसते. जन्मतः शिंगरू अगदी नॉर्मल दिसतं कारण आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडीज काही आठवडे त्याला सांभाळतात, त्या ओसरल्या की एकामागून एक इन्फेक्शन्स, न्यूमोनिया, आणि साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत ते जातं. इलाज नाही. आता बघा, लोक शिंगरू बुक करतात ते नेमकं या नॉर्मल दिसण्याच्या काळात.

सीए म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशी मरत जाणं. लक्षणं बहुतेकदा सहा आठवडे ते चार महिने या वयात दिसायला लागतात. एलएफएसचं शिंगरू तर जन्मतःच उभं राहू शकत नाही, अंगावर फिकट चंदेरी-जांभळट झाक असते आणि ते वाचत नाही. हा आजार इजिप्शियन घराण्यांत जास्त सापडतो. विकायला आलेल्या शिंगरात एलएफएस दिसणार नाही, पण कॅरियर असू शकतं, आणि मादी पुढे ब्रीडिंगला वापरायची असेल तर ते माहीत असायलाच हवं.

आई आणि बाप दोघेही तिन्ही टेस्टमध्ये क्लिअर असतील आणि पालकत्व डीएनएने सिद्ध असेल तर शिंगराची वेगळी टेस्ट लागत नाही. दोघांपैकी एक जरी कॅरियर किंवा टेस्टच न केलेला असेल तर शिंगराची करून घ्या. कॅरियर आहे म्हणून चांगलं शिंगरू नाकारायचं कारण नाही, त्याला पुढे कॅरियरशी लावायचं नाही एवढंच. जो ब्रीडर आपणहून "ही सीए कॅरियर आहे" म्हणून रिपोर्ट पुढे करतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

तपासा: रिपोर्टवर घोड्याचं नाव आणि मायक्रोचिप किंवा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना? नुसतं "ग्रे घोडी, क्लिअर" लिहिलेला कागद कामाचा नाही.

पायरी ४: आता शिंगरू बघा, पण खालून वर

आता जा. आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघा. विक्रीच्या फोटोत तोंडावरचे केस साफ केलेले असतात, डोळ्या-नाकाभोवती तेल चोपडलेलं असतं आणि कॅमेरा अशा कोनात धरलेला असतो की नाकाचा खोलगट बाक दुप्पट दिसावा. शिंगराच्या कपाळाचा फुगवटा वयाबरोबर बदलतो, आज दिसतं ते डोकं मोठेपणी तसंच राहील असं नाही. आई, बाप, आणि असली तर सख्खी मोठी भावंडं बघा, त्यातून जास्त कळतं.

आधी कडक सपाट जमिनीवर शिंगरू समोरून येताना आणि मागून जाताना बघा. गुडघे आत वळलेत का, फेटलॉक (खुराच्या वरचे सांधे) बाहेर फेकलेत का, एखादं खूर उभट पेटीसारखं झालंय का. लहानपणी थोडा वाकडेपणा असतो आणि बराचसा आपोआप सुटतोही, पण "मोठेपणी सरळ होईल" हे विकणाऱ्याने म्हणायचं नसतं, डॉक्टरने म्हणायचं असतं. फेटलॉकजवळची हाडाची वाढ पहिल्या काही महिन्यांतच मंदावते, त्यामुळे तिथला वाक उशिरा लक्षात आला तर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

मग खाण्याची बादली ठेवायला सांगा आणि बाजूला उभं राहून नुसतं बघा. नॉर्मल शिंगरू तोंड थेट बादलीत घालतं. सीए असलेल्याचं डोकं बादलीजवळ येताना थरथरतं, वर-खाली हलतं, जितकं जवळ येईल तितकं जास्त, आणि तोंड नेमक्या जागी नेताना त्याला त्रास होतो. चालताना पाय गरजेपेक्षा उंच आणि आखडून टाकतं. शिंगरू दोन-तीन आठवड्यांपेक्षा मोठं असेल तर हात हळूच डोळ्याच्या दिशेने न्या, वारा लागू न देता, त्याने पापणी मिटायला हवी. मिटली नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, पण डॉक्टरला सांगितल्याशिवाय पुढेही जाऊ नका.

सगळ्यात शेवटी चेहरा. मोठे डोळे, रुंद कपाळ, रुंद नाकपुड्या हे जातीचं लेणं आहेच, पण नाकाचा बाक इतका टोकाचा नको की पळून आल्यावर श्वासाचा आवाज यायला लागेल. श्वास मोकळा हवा.

पायरी ५: तुमचा डॉक्टर, त्यांचा नाही

विकणाऱ्याचा नेहमीचा डॉक्टर कितीही भला असला तरी तपासणी तुम्ही नेमलेल्या डॉक्टरने करायची. हृदयाचे ठोके, फुफ्फुस, डोळे, वरचे आणि खालचे पुढचे दात जुळतात का, बेंबीत हर्निया आहे का, सांधे सुजलेत का, नर असेल तर दोन्ही वृषणं उतरली आहेत का. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाचा आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीजचा) रिपोर्ट असेल तर मागून घ्या, ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर चीक नीट पोहोचला असं मानतात.

मायक्रोचिप तिथेच स्कॅन करून घ्या. ती मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या रेषेखाली बसवलेली असते आणि नंबर १५ अंकी असतो. एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून जुळवायचा. एक आकडा चुकला तरी कागदोपत्री ते दुसरंच घोडं झालं.

पायरी ६: लेखी करार, त्यात नावाचा हक्क

नावाची गोष्ट इथे पहिल्यांदा येते, आणि नाव ठरवायला नाही तर ते ठरवण्याचा हक्क कोणाचा आहे ते लिहून घ्यायला. बरेच ब्रीडर शिंगरू दोन-तीन महिन्यांचं असतानाच नाव घालून रजिस्ट्रेशन पाठवतात. एकदा नाव नोंदलं गेलं की ते बदलणं बहुतेक स्टडबुकांत एकतर अशक्य किंवा भारी कटकटीचं असतं. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: नाव गेलंय का? नसेल गेलं तर करारात लिहा की खरेदीदाराने दिलेल्या यादीतलं नाव अमुक तारखेपर्यंत पाठवायचं, ब्रीडरचा प्रिफिक्स (नावाच्या आधी येणारा त्याच्या फार्मचा शब्द) लागणार की नाही, आणि रजिस्ट्रेशन आणि मालकीबदल यांची फी कोण भरणार.

बाकी मुद्दे पटापट: आईपासून कधी तोडणार (साधारण चार ते सहा महिने, त्याआधी आणायचं नाही), तोपर्यंत शिंगरू मेलं किंवा जखमी झालं तर नुकसान कोणाचं, इन्शुरन्स कधीपासून, डीएनए जुळला नाही तर पैसे परत, मादी असेल तर तिच्या पुढच्या शिंगरांवर ब्रीडरचा काही हक्क शिल्लक राहतोय का. हे शेवटचं नीट वाचा, बारीक अक्षरात असतं.

पायरी ७: आणणं आणि पहिले काही आठवडे

आईपासून तोडणं, नवी गाडी, नवी जागा, नवं खाणं हे सगळं एकाच दिवशी करू नका. आधी तिथेच तोडू दे, हॉल्टर (डोक्याला बांधायचा पट्टा) घालून चालायला आणि गाडीत चढायला शिकू दे, मग आणा. प्रवासात न शिकलेल्या शिंगराला बांधून ठेवायचं नाही, मागे झटका मारून मान दुखावते, बंद कप्प्यात मोकळं सोडलेलं बरं.

तिथलंच गवत आणि खुराक थोडा बरोबर आणा आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला. दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळं ठेवा, रोज ताप बघा, कारण स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी सुजवणारा) संसर्गजन्य आजार अंगात शिरून लक्षणं दिसायला दोन आठवडेही लागू शकतात. वेगळं म्हणजे एकटं नव्हे, दुसरे घोडे नजरेला पडतील असं. जंताचं औषध लीद तपासून डॉक्टरच्या सल्ल्याने, शिंगरांत गोल जंतांचा त्रास मोठा असतो.

सावधान: बारीक दिसतंय म्हणून धान्य वाढवू नका. भराभर वाढवलेल्या शिंगराची हाडं आणि सांधे बिघडतात. आणि हातावर गूळ-गाजर देऊन लाडावू नका, आज बोट चाटतंय ते वर्षभराने दंड पकडेल.

पायरी ८: नाव

आता बसा निवांत. पण आधी नियम वाचा. प्रत्येक स्टडबुकात अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजतात (थरोब्रेडमध्ये ती १८ आहे, अरेबियनची तुमच्या स्टडबुकाची असेल ती बघा). आधीच घेतलेलं नाव, प्रसिद्ध घोड्याचं नाव, शिवराळ शब्द, हे साधारण सगळीकडे नाकारलं जातं. म्हणून एकच नाव पाठवू नका, पसंतीच्या क्रमाने चार-पाच पाठवा आणि पाचवंसुद्धा असं ठेवा की ते मिळालं तर तुम्ही हिरमुसणार नाही.

प्रिफिक्स ही ब्रीडरची मालमत्ता. आवडला म्हणून दुसऱ्याच्या फार्मचा शब्द पुढे लावता येत नाही. अन्साता इब्न हलिमा हे नाव बघा: अन्साता हा फार्म, इब्न म्हणजे मुलगा, हलिमा ही आई, तीन शब्दांत अर्धी वंशावळ. मादी असेल तर इब्नच्या जागी बिंत. नर शिंगराला "छान वाटतं" म्हणून बिंत लावलेलं मी पाहिलंय, आणि सर्टिफिकेट आयुष्यभर तसंच राहतं. पोलंडमध्ये आईच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे चालवतात, पियानोसाची मुलगी पियानिसिमा, त्यामुळे घोडीचं घराणं नावावरून कळतं. आई पोलिश घराण्यातली असेल तर हा रिवाज पाळलेला छान दिसतो, सक्ती मात्र नाही.

रंगावरून नाव ठेवायचा मोह आवरा. ग्रे शिंगरू जन्मतः काळं, बे किंवा चेस्टनट असतं आणि काही वर्षांत पांढरं होत जातं. आईबापांपैकी एक ग्रे असेल तर शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस उगवतायत का ते उजेडात बघा. उगवत असतील आणि तुम्ही नाव ठेवलं "काजळ", तर आठव्या वर्षी पांढऱ्याशुभ्र काजळची ओळख करून देत फिराल.

अरबी शब्द इंटरनेटवरून उचलत असाल तर ती भाषा येणाऱ्या माणसाला एकदा विचारा, धार्मिक अर्थाचे शब्द घोड्याला नकोत. मराठी नाव असेल तर रजिस्ट्रेशन रोमन लिपीत होतं हे लक्षात ठेवा: ळ असलेल्या नावाचा ल होणार, आणि "आ" साठी एक ए की दोन हे तुम्ही ठरवलं नाही तर क्लार्क ठरवेल. स्पेलिंग कागदावर लिहून नाव माहीत नसलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, तो वाचेल तसंच शोमध्ये लाऊडस्पीकरवर पुकारलं जाणार.

हाकेचं नाव वेगळं ठेवा, दोन अक्षरी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असं. थांबवायला "होss" म्हणणार असाल तर हाकेचं नाव "मोहो" नको. आणि ब्रीडरने नोंदवलेलं नाव तुम्हाला नाही आवडलं तर तेही इथेच सुटतं, कागदावर ते राहू दे, तबेल्यात तुमचं.

पायरी ९: सर्टिफिकेट हातात आल्यावर

फ्रेम करायच्या आधी वाचा. नाव, स्पेलिंग, लिंग, जन्मतारीख, रंग, आईबाप, ब्रीडर, चिप नंबर. मग ओळखीचं चित्र घेऊन शिंगरासमोर उभे राहा: पांढरे पट्टे लाल रंगात आणि भोवरे फुलीने दाखवलेले असतात. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, डाव्या मागच्या पायाचा पांढरा मोजा खरंच डाव्याच पायाला काढलाय का, डाव्या-उजव्याची गल्लत इथे फार होते. चूक सापडली तर त्याच आठवड्यात कळवा.

मालकीबदल तुमच्या नावावर झालाय का हे वेगळं तपासा, रजिस्ट्रेशन झालं म्हणजे मालकी बदलली असं नसतं. पुढे नर खच्ची केलात किंवा बे म्हणून नोंदलेलं ग्रे निघालं, तर तेही स्टडबुकला कळवायचं, रंगाची दुरुस्ती होते.